शनिवारची भाषा, सोमवारचा फळा

प्राथमिक शाळांतील साप्ताहिक भाषा-उपक्रमांची समीक्षा

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शनिवार हा इतर वारांसारखा नसतो. शाळा सकाळची असते, दप्तर हलके असते आणि गुरुजी-बाईही थोड्या सैलावलेल्या असतात. पाठ्यपुस्तकाबाहेर भाषेसाठी जे जे करायचे असे ठरते, ते बहुधा याच दिवशी होते. गोष्ट, गाणे, शब्दांच्या भेंड्या, शब्दकोडी, चित्रवर्णन, वाचनकट्टा, हस्तलिखिताची तयारी हे सारे शनिवारच्या वाट्याला येते. नावे काळाप्रमाणे बदलली. कधी बालसभा, कधी कथामाला, कधी ‘गोष्टींचा शनिवार’, आता ‘आनंददायी शनिवार’. दिवस मात्र तोच राहिला.

या उपक्रमांचे कौतुक पुष्कळ झाले आहे. परिपत्रकात होते, वर्तमानपत्राच्या तालुका पानावर होते, शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर तर दर शनिवारी दुपारपर्यंत होते. समीक्षा मात्र झाल्याचे फारसे दिसत नाही. आपण कवितासंग्रहाची समीक्षा करतो, नाटकाच्या प्रयोगाची करतो, पाठ्यपुस्तकातल्या धड्यांवरही वाद घालतो. पण लाखो मुले दर आठवड्याला ज्यातून जातात, त्या अर्ध्या-पाऊण तासाच्या भाषिक प्रयोगात शब्द कोणाचे असतात, ते कोणासाठी उच्चारले जातात आणि नंतर त्यांचे काय होते, हे प्रश्न आपण विचारत नाही. प्रस्तुत लेखात तेच विचारण्याचा प्रयत्न आहे.

लेखाची चौकट आधी सांगते. मी तुळजापूर तालुक्यातील जळकोटची. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचे हे गाव. नळदुर्ग आणि अणदूर ही शेजारची गावे. शिक्षणशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. जे वाचले ते आपले आपण वाचले, आणि जे पाहिले ते या परिसरातील शाळांच्या वर्गात मागच्या भिंतीला टेकून बसून पाहिले. ज्या शिक्षकांनी बसू दिले त्यांची व त्यांच्या शाळांची नावे इथे घेतलेली नाहीत. हेतू कोणाची झडती घेण्याचा नाही. उपक्रम ही एक संहिता आहे असे मानून तिचे वाचन करण्याचा आहे.

शनिवारची वंशावळ

आठवड्यातला एक वेळ भाषेच्या आनंदासाठी राखून ठेवायचा, ही कल्पना आपल्याकडे परिपत्रकांच्या आधीपासून आहे. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना छात्रालयातील मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढत. मुलांनी रोज वाचावे असे काहीतरी, त्यांच्याच छात्रालयाविषयी, त्यांच्याच ओळखीच्या हस्ताक्षरात. गुरुजींच्या निधनानंतर १९५१ साली प्रकाशभाई मोहाडीकरांच्या पुढाकाराने साने गुरुजी कथामाला सुरू झाली आणि गावोगावच्या शाळांत गोष्टीची बैठक भरू लागली. कथामालेचा मोठेपणा असा की गोष्ट सांगून झाल्यावर मुलाकडे काही मागितले जात नसे. ना प्रश्नोत्तरे, ना गुण. तिची मर्यादाही तिथेच होती. सांगणारा मोठा माणूस, ऐकणारे मूल, आणि गोष्टीच्या शेवटी संस्काराची पुडी. मुलाने सांगायचे आणि मोठ्याने ऐकायचे, ही बाजू अपुरी राहिली.

पुढचे वळण आले ते शिक्षण हक्क कायद्यानंतर. २०१० पासून महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प यांना जागा मिळाली, आणि प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंद लिहिणे आले. विचार अत्यंत योग्य होता. पण नोंद हवी म्हणून उपक्रम, अशी उलटी गंगाही त्यातूनच वाहू लागली. वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या हातोहात फिरू लागल्या. ज्या नोंदीने एका मुलाचे वेगळेपण दिसायचे, ती शंभर मुलांना सारखीच लागू पडू लागली.

त्याच दशकात सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील शाळांनी ज्ञानरचनावादी वर्ग कसा असतो हे दाखवले आणि राज्यभरातून शिक्षक तो पाहायला गेले. तिथून परतताना काही जणांनी मुलांकडे पाहण्याची दृष्टी आणली. पुष्कळांनी मात्र फरशीवरचे रंगीत तक्ते तेवढे आणले. कल्पनेपेक्षा रंग न्यायला सोपा असतो.

टाळेबंदीत शाळा बंद असताना, २०२० च्या अखेरीस, ‘गोष्टींचा शनिवार’ आला. दर शनिवारी मोबाईलवरून एक गोष्ट आणि तिच्याशी जोडलेल्या कृती. त्या दिवसांत मुलांच्या हाती एखादी चांगली सचित्र गोष्ट पडणे, हीच मोठी गोष्ट होती. मात्र आमच्याकडे घरातला एकुलता फोन सकाळी वडिलांबरोबर शेतात किंवा गाडीवर जातो आणि दिवेलागणीला परत येतो. गोष्ट शनिवारची, वाचन ज्याला जमेल तेव्हाचे, आणि गोष्टीवर बोलायला वर्ग नाही, अशी ती अवस्था होती. नंतर मार्च २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ जाहीर झाला. त्याचा भर योग-प्राणायाम, आरोग्य, आपत्ती व्यवस्थापन, रस्ते सुरक्षा, पैशाचा व्यवहार, नातेसंबंध अशा जीवनोपयोगी विषयांवर आहे. म्हणजे शनिवारच्या ताटात पदार्थ वाढले. ताट तेवढेच असल्याने भाषेचा घास लहान झाला, आणि म्हणूनच तो कसा वाढला जातो हे पाहणे अधिक गरजेचे झाले.

तीन कसोट्या

भाषा समृद्ध करणारा उपक्रम म्हणजे काय? मुलांना मजा आली, एवढे उत्तर पुरेसे नाही. मजा आली पाहिजेच, पण मजा पतंग उडवण्यातही येते. मी तीन साध्या कसोट्या लावून पाहते.

पहिली, उपक्रम संपला तेव्हा वर्गात मुलाचे स्वतःचे एखादे वाक्य उरले का? दुसरी, त्या वाक्याला खरा श्रोता किंवा वाचक मिळाला का, म्हणजे ज्याला ते आधी ठाऊक नव्हते असा कोणी? तिसरी, ते वाक्य पुढच्या आठवड्यात, निदान सोमवारी, अभ्यासात परत आले का?

यातली तिसरी कसोटी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि हीच सर्वांत कमी वेळा लागते. साप्ताहिक उपक्रमाची खरी अडचण त्याच्या साप्ताहिकपणात आहे. शनिवारी जे घडते ते शनिवारीच मिटते. सोमवारी फळा पुसलेला असतो, धडा पुढचा असतो. सात दिवसांनी येणारा शनिवार नवा उपक्रम घेऊन येतो, कारण तोच उपक्रम पुन्हा केला तर अहवालात काय लिहायचे? परिणामी वर्षभरात तीस-पस्तीस वेगवेगळे उपक्रम होतात आणि त्यांतला एकही मुलाच्या अंगवळणी पडत नाही.

पणाला काय लागले आहे, हेही ध्यानात घ्यावे. ‘असर’च्या ग्रामीण भारताच्या पाहणीनुसार सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये २०.९ टक्के, २०२२ मध्ये १६.३ टक्के आणि २०२४ मध्ये २३.४ टक्के होती. सुधारणा झाली हे खरे. पण चारातल्या तीन मुलांना अजून तो परिच्छेद वाचता येत नाही, हेही तितकेच खरे. अशा वर्गात ‘समृद्धी’चा तास कोणाच्या कामी येतो? ज्याला वाचता येते तो शब्दकोडे सोडवतो. ज्याला येत नाही तो टाळ्या वाजवतो. म्हणजे जो तास मागे पडलेल्या मुलासाठी सर्वांत मोकळा असायला हवा, तोच त्याला दर आठवड्याला मागे बसवतो.

चार उपक्रमांचे वाचन

पहिला उपक्रम वाक्यडोंगर. आमच्या भागातील जवळपास प्रत्येक शाळेत तो होतो. फळ्यावर एक शब्द, त्याखाली दोन शब्द, त्याखाली तीन, असे करत वाक्य वाढत जाते. ‘आई’, मग ‘माझी आई’, मग ‘माझी आई शेतात’, शेवटी ‘माझी आई शेतात जाते’. नव्याने वाचू लागलेल्या मुलासाठी ही रचना उत्तम आहे. वाचलेले शब्द पुन्हा भेटतात, एकच नवा शब्द पेलायचा असतो. पण बहुतेक वेळा डोंगराचे बी मार्गदर्शिकेतून येते. सगळा वर्ग एका सुरात ओरडतो आणि कोणी काही सांगितलेले नसते. महामार्गालगतच्या एका वर्गात मात्र मी वेगळे पाहिले. बाईंनी ‘आई’ हा शब्द लिहून विचारले, “कुणाची आई आत्ता काय करत असेल?” एक मुलगी म्हणाली, “माझी आई धाब्यावर भाकरी करती.” बाईंनी तेच वाक्य डोंगरासाठी घेतले. तंत्र तेच, खडू तोच. फरक एवढाच की त्या दिवशी वर्गाला कोणाविषयी तरी काही कळले. वाचायला अडखळणाऱ्या दोघा-तिघांनी ‘धाब्यावर’ हा जोडाक्षर असलेला लांब शब्द चटकन वाचला, कारण तो धाबा त्यांच्या रोजच्या वाटेवरचा होता.

दुसरा उपक्रम चित्रवर्णन. चित्र टांगून ‘चित्रात काय काय दिसते?’ असे विचारले जाते. हा प्रश्न मोठा चमत्कारिक आहे. विचारणाऱ्याला चित्र दिसते आहे, सांगणाऱ्याला दिसते आहे, साऱ्या वर्गाला दिसते आहे. घरी असे कोणी कोणाला विचारत नाही. म्हणून मुले एकेका शब्दाची उत्तरे देतात : झाड, नदी, गाय, माणूस. आपण त्याला ‘मुलांची अभिव्यक्ती कमी पडते’ असे म्हणतो. खरे तर प्रश्नच तेवढ्याच उत्तराचा असतो. तेच चित्र एका मुलाला दाखवून, बाकीच्यांनी पाठ फिरवून बसायचे आणि त्याने सांगितल्याप्रमाणे पाटीवर काढायचे, असे केले की प्रश्नाचा नूर पालटतो. आता सांगण्याची गरज निर्माण होते. ‘झाड’ म्हणून भागत नाही. ‘नदीच्या अल्याड, गायीच्या मागं’ असे म्हणावे लागते. दुसऱ्या कसोटीचा अर्थ हाच आहे.

तिसरा उपक्रम अपूर्ण गोष्ट पूर्ण करणे. कल्पनाशक्तीसाठी हा नेहमी शिफारसीत असतो. मी ऐकलेल्या शेवटांपैकी बहुतेक शेवट उपदेशाचे होते. चोर सुधारतो, आळशी मुलगा अभ्यासाला लागतो, लांडगा माफी मागतो. मुलांची कल्पनाशक्ती आटली आहे असा याचा अर्थ नव्हे. कोणत्या शेवटाला ‘शाब्बास’ मिळते हे मुलांनी अचूक ओळखलेले असते, एवढाच अर्थ. आठवड्यामागून आठवडे तात्पर्याच्या गोष्टी ऐकवल्या तर मुले तात्पर्यच परत देणार. मधल्या सुट्टीत हीच मुले एकमेकांना सांगतात त्या भुतांच्या आणि विहिरीच्या गोष्टींत ना उपदेश असतो ना कंटाळा. ती गोष्ट वर्गाच्या उंबऱ्यातून आत येत नाही.

चौथा उपक्रम वाचलेल्या पुस्तकावर अभिप्राय. १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिन २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो, आणि २०२३ पासून महावाचन उत्सवाने अभिप्राय लिहून किंवा त्याची चित्रफीत करून संकेतस्थळावर चढवण्याची पद्धत आणली. मुलांच्या हाती पाठ्यपुस्तकाखेरीज पुस्तक जावे हा उद्देश निर्विवाद चांगला. पण रचनेत एक मूलभूत उणीव आहे. संकेतस्थळ हा वाचक नव्हे. तिथून मुलाला उत्तर येत नाही, ‘मलाही ते पुस्तक दे’ असे कोणी म्हणत नाही. शेजारच्या बाकावरची मैत्रीण तसे म्हणू शकते. अभिप्राय तिच्यासाठी असेल तर तो दोन ओळींचाही चालेल : ‘वाच, पण शेवटी मांजर मरतं.’ ही दोन वाक्ये कोणत्याही नमुना अभिप्रायापेक्षा सरस समीक्षा आहे.

येळवस कुठे गेली?

वरच्या चारही उपक्रमांत एक धागा समान आहे, तो भाषेच्या जातकुळीचा. मार्गशीर्ष अमावास्येला लातूर-धाराशिव भागात आणि शेजारच्या कन्नड मुलखात वेळ अमावास्या असते. आम्ही तिला येळवस म्हणतो. त्या दिवशी गाव ओस पडते आणि शिवार भरते. कडब्याची कोप उभी करून पूजा होते, आंबिलाची बिंदगी डोक्यावरून रानात जाते, भज्जी आणि उंडे पानावर पडतात, ज्याचे शेत नाही त्यालाही कोणी ना कोणी बोलावतेच. इथल्या मुलाच्या वर्षातला हा सर्वांत मोठा दिवस. तरी शनिवारी ‘माझा आवडता सण’ हा विषय निघाला की वर्गातून दिवाळीचे निबंध येतात : आकाशकंदील, चकल्या, अभ्यंगस्नान. एका मुलाला मी विचारले, येळवस का नाही लिहिलीस? तो म्हणाला, “ते पुस्तकात नसतंय.”

हे उत्तर मी या साऱ्या उपक्रमांवरचा सर्वांत नेमका अभिप्राय मानते. शाळेची भाषा वेगळी आणि घरची वेगळी, हे मुलाने मान्य करून टाकलेले आहे. या मुलखाला ते नवीनही नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही हैदराबाद संस्थानात होतो आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. जुन्या पिढीच्या लेखी ‘शिकलेली भाषा’ म्हणजे उर्दू. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १९६७ मध्ये बालभारती स्थापन झाली. शाळेची भाषा मराठी झाली हा मोठाच लाभ. पण ती मराठी पुन्हा दुसरीकडचीच वाटावी अशी होती. आता तिसऱ्या-चौथ्या पिढीला सेमी-इंग्रजीची ओढ आहे. भाषा बदलल्या, शाळेत शिरताना आपली भाषा चपलांसारखी बाहेर काढून ठेवायची रीत बदलली नाही.

तांड्यावरच्या मुलांचे अंतर तर दुप्पट आहे. आईला ‘याडी’ म्हणणारे गोरमाटी बोलणारे मूल पहिलीत येते तेव्हा प्रमाण मराठी आणि गावची मराठी अशा दोन परक्या भाषा त्याच्यापुढे एकदम उभ्या राहतात. शब्दांच्या भेंड्यांत ते गप्प बसते. त्याचा शब्दसाठा कमी नसतो. भेंड्यांत चालणारा शब्दसाठा कमी असतो. ‘य’ वरून ‘यज्ञ’ चालतो, ‘याडी’ चालत नाही.

ज्यांनी हे वेगळे केले

यावर विचार झालेलाच नाही असे नाही. अमेरिकेतून येऊन फलटणला स्थायिक झालेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीतील विविधतेवर १९७३ मध्ये प्रबंध लिहिला आणि पुढे तिथेच प्रगत शिक्षण संस्था उभी केली. भाषाशास्त्राचा अभ्यासक पहिलीच्या वाचनाकडे वळतो तेव्हा त्याला एक गोष्ट दिसते, ती आपल्याला सहसा दिसत नाही : मुलाच्या बोलीत चूक नसते, नियम असतात. तिला चूक न म्हणता प्रमाण भाषा जोडीला शिकवता येते. कोल्हापुरात लीला पाटील यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने आधी अनुभव, मग त्यावर बोलणे, मग लिहिणे हा क्रम धरला. आपल्याकडचा रूढ क्रम याच्या नेमका उलट : आधी विषय, मग मुद्दे, मग निबंध, अनुभव आलाच तर शेवटी.

बाहेरच्या जगातील दोन उदाहरणे इथे उपयोगी पडतील. फ्रान्समधील खेड्यात शिकवणाऱ्या सेलेस्तँ फ्रेने याने १९२० च्या दशकात वर्गात छोटे छपाईयंत्र आणले. मुले गावातून फिरून येत, पाहिलेले लिहीत, ते छापून निघे आणि दूरच्या दुसऱ्या शाळेला टपालाने जाई. तिकडून त्यांचे येई. लिहिण्याला वाचक मिळाला. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांची रीत आणखी साधी होती. रोज प्रत्येक मुलाने स्वतःला हवा तो एक शब्द मागायचा. बाई तो जाड कागदावर लिहून देत. दुसऱ्या दिवशी मुलाला तो ओळखता आला नाही तर कार्ड बाजूला टाकून दिले जाई. दोष मुलाचा नव्हे. तो शब्द त्याचा नव्हता, एवढेच ठरे. ‘टीचर’ या १९६३ च्या पुस्तकात त्यांनी हे मांडले आहे. आपल्या उपक्रमांना हीच कसोटी लावून पाहा. सोमवारी जे ओळखू येत नाही ते शनिवारी शिकवलेच गेले नव्हते.

वाचकासाठी लिहिणे म्हणजे काय हे पाहायला आम्हाला फ्रान्सला जायचीही गरज नाही. अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत खंडोबाची मूर्ती एक आणि देवळे दोन. देव वर्षाचे सुमारे दहा महिने अणदूरला आणि उरलेला काळ नळदुर्गला असतो, आणि नेण्या-आणण्याच्या वेळी दोन्ही गावच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. कागद का लिहायचा, कोण वाचणार, एखादा शब्द चुकला तर काय बिघडेल, हे सारे त्या कराराने गावाला दरवर्षी शिकवले आहे. पत्रलेखनाच्या तासाला मात्र आम्ही मुलांना न गेलेल्या सहलीच्या परवानगीचे पत्र, नसलेल्या मामाला लिहायला लावतो.

आक्षेप आणि मर्यादा

या विवेचनावर तीन आक्षेप येतात आणि ते रास्त आहेत.

पहिला शिक्षकांचा. दोन शिक्षक, चार-पाच वर्ग, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराचा हिशेब, त्यातच प्रत्येक मुलाचे वाक्य कधी ऐकायचे? उत्तर असे की मी अधिक काम सुचवत नाही, कमी उपक्रम सुचवते आहे. तीस उपक्रमांऐवजी तीनच धरावेत आणि वर्षभर तेच करावेत. दमछाक नावीन्य शोधण्यात होते, मुलांचे ऐकण्यात नव्हे.

दुसरा पालकांचा. शिष्यवृत्ती आणि नवोदयची परीक्षा ‘करती’ आणि ‘नसतंय’ने सुटत नाही. अगदी खरे. प्रमाण भाषा यायलाच हवी. ती न देणे हा खेड्यातल्या मुलावर अन्याय होईल. प्रश्न क्रमाचा आहे. ‘माझी आई धाब्यावर भाकरी करती’ हे वाक्य फळ्यावर असेल, तर सोमवारी त्याच्याशेजारी ‘करते’ लिहून ‘आपण असं म्हणतो, पुस्तक असं म्हणतं’ हे दाखवता येते. वाक्यच नसेल तर शुद्ध काय करणार?

तिसरा आक्षेप अनुभवाचा. मुलांना बोलते केले की ठरावीक पाच-सहा मुलेच बोलतात. हे मीही पाहिले आहे, आणि धाब्याचे वाक्य घेणाऱ्या वर्गातही पाहिले आहे. मुलाचे वाक्य घ्यायचे म्हटले की सर्वांत धीट मुलाचे वाक्य घेतले जाते. म्हणून पाळी लावावी लागते आणि गप्प मुलासाठी थांबावे लागते. कधी त्या आठवड्यात वाक्य मिळतच नाही. अशा शनिवारचे छायाचित्र काढण्याजोगे नसते.

कोऱ्या कागदाने हे होत नाही, याचा एक अलीकडचा धडा आपल्यासमोर आहे. २०२३-२४ पासून राज्यात दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांत नोंदींसाठी वहीची कोरी पाने जोडली होती. मुले वेगळ्या वह्या आणतच राहिली आणि जानेवारी २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेण्यात आला. जागा दिल्याने लिहिणे येत नाही. लिहावेसे वाटणे आधी यावे लागते, आणि ते कोणीतरी ऐकते आहे या खात्रीतून येते.

सोमवारसाठी

मग शनिवारी करायचे काय? माझी मागणी छोटी आहे. शनिवारी एका मुलाने काहीतरी सांगावे, गुरुजींनी किंवा बाईंनी ते त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहावे, आणि फळा पुसू नये. सोमवारी वाचनाचा पहिला धडा तोच. त्यातली अक्षरे, त्यातले जोडाक्षर, त्यातला एक प्रमाण शब्द, एवढा अभ्यास त्यातून निघतो. मग ते वर्गाच्या एका वहीत उतरवावे. पटावर जितकी मुले तितके शनिवार तर वर्षात मिळतात, कारण आमच्या बहुतेक वर्गांचा पट तेवढाच उरला आहे. वर्षअखेर ती वही म्हणजे वर्गाचे स्वतःचे पुस्तक होईल, आणि पुढच्या वर्षी पहिलीत येणाऱ्या मुलांना वाचायला त्यांच्याच गल्लीतल्या, तांड्यावरच्या मुलांचा मजकूर मिळेल. उपक्रमाला वेगळे नाव देण्याचीही गरज नाही.

पर्यवेक्षणाला येणाऱ्यांनीही एक बदल करावा. ‘या शनिवारी कोणता उपक्रम घेतला?’ असे विचारण्याऐवजी सोमवारी यावे आणि ‘परवा कोण काय म्हणाले?’ असे मुलांना विचारावे. मुलांना ते सांगता आले तर उपक्रम झाला. नाही आले, तर अहवाल कितीही सजवलेला असो, तो झालेला नाही.

यंदाची येळवस दिवाळीनंतर दीड-दोन महिन्यांनी येईल. तिच्या नंतरच्या शनिवारी फळ्यावर ‘बिंदगी’ हा शब्द किती शाळांत लिहिला जातो, आणि सोमवारपर्यंत किती फळ्यांवर तो राहतो, हे पाहण्याजोगे आहे. या विषयाचा पुढचा अभ्यास तिथून सुरू करता येईल.